मंगळवारी एकेचाळीस

गाडी विकणारा म्हणाला होता, साठ.
एका गॅलनला साठ मैल, डोळे मिटून.
पहिले तीन महिने आकडा सत्तेचाळीसवरच अडला,
आणि डोळे तर मी एकदाही मिटले नव्हते.

शेफील्ड म्हणजे नुसते चढ.
माझं काम घरोघर जाऊन
म्हाताऱ्या कानांत यंत्रं बसवण्याचं.
वॉकलीहून खाली हिल्सबरो, तिथून वर स्टॅनिंग्टन,
डिकीत बॅटऱ्यांचे खोके, कानाचे साचे,
आणि दोन आठवडे उतरवायचं राहिलेलं
वीस किलो तांदळाचं पोतं.

केन स्टॅनिफोर्थ, वय त्र्याऐंशी.
एकतीस वर्षं बस चालवली,
इंजिनाला खेटून बसून डावा कान गेला.
यंत्र बसवून झालं, फाटकापर्यंत सोडायला आले.
मी गाडी सुरू केली.
"झाली का सुरू?"
"झाली."
"मग हे तुझं यंत्र बिघडलंय," कानाला हात लावून.
गाडी बॅटरीवर होती. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या खेपेला शेजारी बसले, फक्त पोस्टापर्यंत.
तेवढ्या अंतरात माझं सगळं ड्रायव्हिंग मोडीत काढलं.
लांबून लाल दिवा दिसतोय ना?
मग पाय अजून तिथे काय करतोय?
लाल दिव्याकडे धावत जाऊन काय मिळतं, पोरी?
आणि ब्रेक असा दाब
की मागे उभ्या बाईच्या पिशवीतली अंडी फुटू नयेत.

मला अंडी कळली,
पण पायाला समजलं ते दुधावरून.
बर्नर बारीक, साय नुकती धरतेय,
चमचा बुडवायचा नाही, नुसता टेकवायचा.
तसा टेकवला.
हिरवा दिवा लागला, इंजिन गप्प झालं.

लोकांचे कान तपासता तपासता
माझे कुठेतरी हरवले होते.
आता इंजिन जागं होण्याच्या आधीची चुळबुळ
मला तळपायात ऐकू येते.
उतारावर पाय फक्त उचलायचा.
चढाला दिलेलं सगळं परत येत नाही,
पण येतं थोडं,
दिराला दिलेल्या पैशांपेक्षा तरी जास्त.

पोतं घरात आलं. छतावरची सायकलची सळई काढली,
सायकल तर चोरीला जाऊन चार वर्षं झाली.
चाकांत हवा दर पंधरवड्याला.
थंडीत हीटरपायी इंजिन उगाच धगधगतं,
म्हणून हीटर कमी, सीट गरम, अंगात दोन स्वेटर.
सुहास म्हणतो, वाचतात किती?
आठवड्याला चार पौंड?
साडेचार.

कप्प्यात एक वही आहे, तिच्यात रोजचा आकडा.
बावन्न. पंचावन्न. एकोणसाठ.
एकसष्ट, समोरून वारा असून.
चौसष्ट, खाली दोन रेघा.

रविवारी सुहास पेन शोधायला गाडीत गेला
आणि वही घेऊनच आत आला.
"मंगळवारी काय झालं?"
"कुठे काय?"
"एकेचाळीस आहे."
"चढ होता."
"चढ तर रोजच असतो."

मंगळवारी ऑफिसचं पत्र आलं.
एप्रिलपासून घरभेटी बंद.
रुग्णांनी दवाखान्यात यावं.
ज्यांना ऐकण्याचा त्रास आहे
त्यांनी फोन करून वेळ ठरवावी.

दोनदा वाचलं. मग स्टॅनिंग्टनच्या चढावर
पाय तळापर्यंत दाबला.
इंजिन इतकं ओरडलं
की केन खिडकीत आले, यंत्राशिवाय.
त्यांना आता दोन बस बदलाव्या लागणार,
आणि दुसरी, ते म्हणाले, कधी वेळेवर नसायची,
मी चालवायचो तेव्हासुद्धा.

परतताना लाल दिव्याकडे धावत गेले.
खरंच काही मिळालं नाही.

बुधवारी छप्पन्न.
राग तसाच होता, पाय उचललेला.
पत्राला उत्तर लिहिलंय, चार पानं,
सुहास म्हणतो दोन कर.